नळ्यांनी जपलेला गांधार

ऑर्गन म्हटले की आपल्यापुढे संगीत नाटकातील, पायाने भाता मारायचे वाद्य उभे राहते. त्यात पितळी पत्त्या कंप पावतात. युरोपातील चर्चमधला ऑर्गन मात्र नळ्यांचा असतो. जणू शेकडो बासऱ्या एकाच भात्यावर. इटलीत बोलोन्या येथील सान पेत्रोनिओ चर्चमध्ये असे दोन ऑर्गन समोरासमोर आहेत. एक लोरेन्झो दा प्रातो याने १४७१ ते १४७५ या काळात बांधला, तर दुसरा बाल्दास्सारे मालामिनी याने १५९६ मध्ये. १९७४ ते १९८२ या काळात त्यांचा जीर्णोद्धार झाला. जुनी स्वरलिपी छापील पुस्तकांत उपलब्ध असताना या जुन्या नळ्यांची गरज काय?

आधी थोडे गणित पाहू. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या नळीत मूळ स्वराची अर्धी तरंगलांबी मावते. आठ फुटी, म्हणजे सुमारे २.४४ मीटर लांबीची नळी घेतली आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर वारंवारता सुमारे ७० हर्ट्झ येते. नळी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो.

खरी अडचण स्वर जुळवताना येते. षड्ज-पंचमाचे शुद्ध गुणोत्तर ३:२, तर षड्ज-गांधाराचे ५:४. आता सा, प, रे, ध, ग अशा पंचमाच्या चार उड्या मारा. मिळणारा गांधार मूळ षड्जाच्या ८१/१६ पट येतो. शुद्ध गांधार दोन सप्तके वर नेला तर तो ८०/१६ पट हवा. हा ८१/८० चा फरक म्हणजे आपल्याकडे श्रुतिचर्चेत जिला प्रमाणश्रुती म्हणतात तीच. गायक गळ्याने हा फरक सांभाळून घेतो. नळीची लांबी मात्र एकदा ठरली की ठरली. मग पंचम राखायचा की गांधार?

त्या काळच्या कारागिरांनी गांधार राखला. प्रत्येक पंचम या फरकाच्या चौथ्या हिश्श्याने उतरवला. व्हेनिसमध्ये १५२३ साली छापलेल्या ग्रंथात पिएत्रो आरोन याने अशा जुळणीचे वर्णन केले आहे. याची किंमतही होतीच. बारा स्वरांचे वर्तुळ पुरे करताना एक पंचम इतका बेसूर होई की त्याला ‘लांडगा’ म्हणत. काही ऑर्गनांवर यासाठी काळ्या पट्ट्या दुभागून दोन निराळे स्वर बसवले जात.

रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये १६०८ पासून वादक असलेल्या जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीने (१५८३–१६४३) ही जुळणी गृहीत धरूनच रचना केल्या. १६३५ च्या ‘फिओरी मुझिकाली’ या संग्रहातील काही रचनांत विसंवादी स्वर लांबवर धरून ठेवलेले आहेत. जुन्या जुळणीत ते टोचतात आणि नंतर येणारा शुद्ध गांधार शांतवतो. बारा समान भागांच्या आजच्या जुळणीत गांधार मुळातच चढा असतो. त्यामुळे टोचणीही बोथट आणि विश्रांतीही अर्धवट.

हे कागदावरून कळत नाही. म्हणून जुना ऑर्गन हा आम्हाला ताम्रपटासारखा पुरावा वाटतो. तोही नाजूक आहे. नळीचे टोक कापले की स्वर चढतो, आणि कापलेला तुकडा गेला की मूळ स्वराची खूणही जाते. नव्या पद्धतीच्या सोयीसाठी जुने वाद्य ‘सुधारणे’ म्हणजे कित्येकदा पुरावा पुसणे होय.

हा फरक वर्गातही दाखवता येईल. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध गांधार ३०० हर्ट्झचा, आणि समान जुळणीच्या पेटीचा सुमारे ३०२.४. दोन्ही एकाच वेळी वाजवले तर सेकंदाला दोन-अडीच विस्पंद ऐकू येतील. विद्यार्थ्यांना ते मोजू द्या. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने नेमके कशासाठी एवढे कष्ट घेतले, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.