वाळते ती वाळू

"रेल्वेत काय काम करता?" असं मामाला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "वाळू वाळवतो."

ऐकणारा हसायचा. मामाही हसायचा आणि विषय तिथंच संपायचा. कुणाचा भाऊ गार्ड, कुणाचा चुलता ड्रायव्हर, आणि आमचा मामा वाळू वाळवणारा खलाशी. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. वर्गात विचारलं तर मी "मामा इंजिनावर आहे" एवढंच सांगायचो. ते अगदीच खोटं नव्हतं.

आमचं गाव इगतपुरी तालुक्यातलं. भात, नागली आणि डोंगरउतारावर थोडी वरई, यापलीकडं पीक नाही. गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीपासून मी मामाकडं घाटमाथ्यावर राहिलो. साल १९७१. शाळा सुटली की मामाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं. मामी फडक्यात भाकरी बांधून द्यायची आणि मी रुळाच्या कडंकडंनं शेडाकडं निघायचो.

शेडाच्या एका कोपऱ्यात वाळूची खोली. विटांची भट्टी, तिच्यात दगडी कोळसा, वर जाड लोखंडी पत्रा. पत्र्यावर ओली वाळू पसरायची आणि लांब दांड्याच्या फावड्यानं उलथीपालथी करत राहायची. वाफ निघायची थांबली की वाळू खाली ओढायची, चाळायची आणि खोलीच्या कोरड्या अंगाला ढीग घालायचा. चाळून मागं राहिलेले खडे, काड्या, शिंपल्याचे तुकडे बाहेर फेकायचे. इंजिन आलं की डब्यांनी वाळू नेऊन त्याच्या चाकांजवळच्या पेट्यांत ओतायची. आभाळ फाटल्यागत पाऊस कोसळायचा आणि ह्या एका खोलीत चैत्रातल्यासारखं कोरडं असायचं. मला तिथं बसायला आवडायचं. पण ही वाळू कशाला लागते, हे मात्र कळत नव्हतं.

मी मामाला विचारलं तेव्हा त्यानं उलट मलाच विचारलं, "आपली बैलगाडी चिखलात का अडकती रं?"

"चाक रुततं म्हणून."

"मंग हितं लोखंडावर लोखंड. रुतायची भीतीच न्हाई. हितं भीती दुसरी. चाक जागच्या जागी फिरतं आन् गाडी हालत न्हाई."

बैलगाडीत बैल जमिनीला पाय रोवून ओढतो, चाक नुसतं मागं येतं. इंजिनात तसं नाही. तिथं चाकानंच रुळाला धरायचं आणि चाकानंच ओढायचं. आणि धरायला जागा किती? चाक जिथं रुळाला टेकतं ती जागा बोटाच्या नखाहून फार मोठी नसते. इंजिनाची सगळी ताकद तेवढ्याशा जागेतून रुळावर उतरते.

पुढं दहावीनंतर शाळा सुटली, पण वाचायची सवय राहिली. आगगाडीवरचं जे हाती लागलं ते वाचलं. तेव्हा कळलं की ही शंका शहाण्यासुरत्या माणसांनाही होती. इंग्लंडात वाफेची इंजिनं नवी असताना पुष्कळांना वाटायचं, गुळगुळीत चाक गुळगुळीत लोखंडावर नुसतं गरगरेल, ओझं काही ओढणार नाही. म्हणून १८१२ साली लीड्सजवळच्या कोळशाच्या खाणीवर ब्लेंकिन्सॉप नावाच्या माणसानं दात्यांचा रूळ टाकला आणि इंजिनाला दात्यांचं चाक बसवलं. त्याच सुमाराला वायलमच्या खाणीवर विल्यम हेडलीनं एका गाड्यावर माणसं चढवली आणि त्यांच्याकडून हातानं दांडे फिरवून चाकं चालवली. गाड्यावर वजन पुरेसं असलं तर गुळगुळीत चाकही धरतं, हे त्यानं दाखवलं. आज जगभर गाड्या धावतात त्या ह्याच भरवशावर.

पण हा भरवसा कोरड्या रुळावरचा. रूळ कोरडा असला तर इंजिन आपल्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा जोर लावू शकतं. रूळ ओला आणि तेलकट झाला की तोच जोर दहाव्या हिश्शावर येतो, कधी त्याच्याही खाली. आणि गंमत अशी की धो धो पाऊस तितका वाईट नाही, तो रूळ धुऊन काढतो. वाईट ती भुरभुर. थोडं पाणी, थोडा गंज, थोडं तेल, वर पाल्याचा चोथा, असा लगदा रुळावर बसतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या पावसाच्या चार थेंबांनी बांधावरून जसा पाय सटकतो, तसा भर श्रावणातसुद्धा सटकत नाही.

आता आमचा घाट बघा. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा हा थळ घाट १ जानेवारी १८६५ला गाड्यांना खुला झाला. त्याच्या आधी दोन वर्षं, १८६३ साली, बोरघाट खुला झाला होता. दोन्हींकडं सगळ्यात अवघड चढ ३७ला १, म्हणजे ३७ पावलं पुढं गेलं की एक पाऊल वर. चालणाऱ्या माणसाला हा चढ वाटतच नाही, आगगाडीला मात्र तो डोंगर आहे. थळ घाटात पंधरा किलोमीटरांच्या आसपास अंतरात गाडी तीनशे मीटर वर येते. मधे बोगदे, आणि बोगद्यात वरून पाणी गळतं, म्हणून पाऊस उघडला तरी आतला रूळ ओलाच.

हिशेब साधा आहे. इंजिनासकट हजार टनांची मालगाडी ह्या चढावर नुसती धरून ठेवायची तरी २७ टनांचा जोर लागतो. १२० टनांचं एक इंजिन कोरड्या रुळावर ३० टन जोर लावील, ओल्या रुळावर बाराच. म्हणून तर कसाऱ्याला गाडीच्या मागं बँकर लावतात. दोन-तीन इंजिनं मागून ढकलत गाडी वर आणतात. पण बँकरचं चाकही त्याच ओल्या रुळावर. इंजिनं किती जोडली तरी शेवटी चाकाला धर पाहिजे, आणि ती धर देते चिमूटभर कोरडी वाळू.

वाळूची पेटी म्हणजे काही अवघड यंत्र नव्हे. चाकाच्या वर पेटी, पेटीतून खाली नळी, नळीचं तोंड चाक आणि रूळ जिथं भेटतात त्याच्या किंचित पुढं. आधी ती नुसती दांडा ओढून सोडत. वाळू आपल्या वजनानं खाली यायची, पण वाऱ्यानं निम्मी बाहेर उडायची. १८८६ साली इंग्लंडात डर्बीच्या कारखान्यातल्या होल्ट नावाच्या माणसानं वाफेच्या झोतानं वाळू नेमकी चाकाखाली मारायची युक्ती काढली. तिचा परिणाम केवढा? एकाच मोठ्या चालत्या चाकाच्या जोडीची इंजिनं घसरतात म्हणून मागं पडली होती, ती ह्या युक्तीपायी पुन्हा नव्यानं बांधायला घेतली. मामाच्या काळातल्या विजेच्या इंजिनांत वाफेची जागा दाबलेल्या हवेनं घेतली होती. ड्रायव्हरनं पायाखालचं बटण दाबलं की फुस्सकन वाळू चाकाखाली.

अमेरिकेतली एक हकिगत वाचली तेव्हा मामा हयात असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. तिथल्या मधल्या सपाट मुलखात १८७४ साली टोळधाड आली. पिकं तर गेलीच, पण रुळांवर टोळांचा थर बसला. चाकाखाली चिरडून त्यांचं तेल निघालं आणि गाड्या जागीच गरगरू लागल्या. तिथंही उपाय वाळूचाच. आणि आपल्याकडं दार्जिलिंगच्या छोट्या गाडीवर, जी १८८१ साली सुरू झाली, इंजिनाच्या अगदी पुढं माणसं बसायची आणि चढावर हातानं रुळावर वाळू सोडायची. धुक्यात, थंडीत, पेरणी करणाऱ्यासारखी मूठ धरून.

वाळू टाकण्याचीही रीत आहे. चाक गरगरायला लागल्यावर एकदम वाळू टाकायची नाही. फिरतं चाक अचानक धरलं की धक्क्यानं दांडा वाकतो, आसाला इजा होते. आधी जोर कमी करायचा, चाक शांत होऊ द्यायचं, मग वाळू, मग हळूहळू जोर. उतारावर ब्रेक लावताना चाक अडकून घसरत गेलं तर त्याला चपटा डाग पडतो, तिथंही वाळूच उपयोगी. पण जास्त टाकली तर रुळातून सिग्नलसाठी खेळवलेली वीज चाकापर्यंत पोचत नाही आणि गाडी तिथं आहे हेच कळत नाही. औषधासारखं आहे, मात्रेत हवं.

आणि सगळ्यात मोठी अट, वाळू कोरडी हवी. मातीचा अंश नको, माती उलट चिखल होऊन चाक घसरवते. ओल नको, ओली वाळू नळीत बसते. मामाची परीक्षा एकच. मूठ भरायची, दाबायची, उघडायची. वाळू बोटांतून तांदळासारखी निसटली आणि तळवा स्वच्छ राहिला तर पास. लाडू झाला तर परत भट्टीवर. तो म्हणायचा, "वाळती ती वाळू. बाकीचा नुसता गाळ."

ही परीक्षा मी कसा शिकलो ते सांगतो. आषाढातली रात्र होती. बाहेर तीच वाईट भुरभुर. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा मामा इंजिनात वाळू भरायला गेला होता. माझी घोंगडी ठिबकत होती आणि वाळूचा ढीग ऊबदार. मी घोंगडी ढिगावर पसरली आणि तिच्यावरच बसून राहिलो. तासाभरात घोंगडी बरीच वाळली. मला आपली हुशारी वाटली.

मामा आला. त्यानं घोंगडी उचलली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबून उघडली. तळव्यावर लाडू. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मामानं मला मारलं ते तेवढं एकदाच.

मग बराच वेळ तो बोलला नाही. भट्टीत कोळसा टाकला, ढीग ओढायला लागला. मी रडत म्हणालो, "वरचीच ओली झाली आसंल, मामा. तेवढीच काढू."

"कुठवर वल गेली ते तू सांगनार? ही नळीत बसली असती. डायवर पाय दाबत राह्यला असता आन् खाली एक कन पडला नसता. बोगद्यात गाडी हुबी. मागं गाड्या, पुढं गाड्या. रात्रीची पाशिंजरं. त्यानला काय म्हाईत, हितं एक पोरगं घोंगडी वाळवित बसलं हुतं?"

सगळा ढीग परत वाळवला. मामा उलथायचा, मी चाळायचो. हाताला फोड आले, ते दाखवायची हिंमत झाली नाही. पहाटं चारच्या सुमाराला इंजिन आलं. खेकडा. पुष्कळ वर्षं घाटात चालत आलेलं ते लांबलचक विजेचं इंजिन, दोन्ही अंगांना नाक, चाकांना दांडे. त्याला सगळे खेकडाच म्हणत. मामानं डबा भरला आणि माझ्यापुढं धरला. "बघ."

मी मूठ भरली, दाबली, उघडली. वाळू निसटली. तळव्याला एक कण चिकटला नाही.

"वत," मामा म्हणाला.

मी ओतली. इंजिन घाट उतरून गेलं. मामाची पाळी संपली होती, पण तो घरी निघेना. खोलीच्या दारात बिडी ओढत बसला. उजाडता उजाडता खालून बोगद्यातून घरघर ऐकू आली. मालगाडी चढत होती. आवाज मधेच बदलला, एक क्षण चाकं गरगरल्यासारखी, मग पुन्हा एकसारखा. मामानं बिडी विझवली. "धरलं," तो म्हणाला आणि मला घेऊन घरी आला. मामीला त्यानं ह्यातलं काही सांगितलं नाही. मी पण नाही.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. खेकडे तर कधीच मोडीत गेले. घाटातली वीजही बदलली. आताच्या नव्या इंजिनांत चाक घसरायला लागलं की यंत्रच ओळखतं, जोर कमी करतं आणि वाळू सोडतं. मी शेती करतो. भाताचं बी कणगीत भरायच्या आधी मूठ दाबून बघायची सवय मात्र राहिली. मुलगा म्हणतो, ओल मोजायचं यंत्र मिळतं. त्यानं ते आणलंय. मी यंत्र बघतो आणि मूठही दाबतो.

गेल्या पावसाळ्यात कल्याणहून येत होतो. कसाऱ्याला मागं बँकर लागले आणि गाडी घाट चढू लागली. भुरभुर चालू होती. एका बोगद्यात गाडीनं बारीकसा हिसका दिला आणि पुन्हा सुरळीत चालू लागली. डब्यात कुणी मान वर केली नाही. शेजारचा तरुण माणूस मोबाइलमधे होता. त्याला सांगावंसं वाटलं की आत्ता चाकाखाली वाळू पडली. पण मग ती कुठून आली, कुणी वाळवली, हे सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढ्यात इगतपुरी आलं आणि मी उतरलो.