गच्चीवरील विमानतळ

विमानविद्येच्या इतिहासांत यशाचीं वर्णनें विपुल आढळतात. बंद पडलेल्या योजनांची आठवण मात्र क्वचितच कोणी ठेवतो. वस्तुतः एखादी योजना कां सुरू झाली, यापेक्षां ती कां बंद पडली हें पाहिल्यानें त्या काळाच्या मनोवृत्तीची ओळख अधिक चांगली पटते. न्यूयॉर्क शहरांतील पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरील हेलिकॉप्टरांचा तळ हें याचें एक बोधप्रद उदाहरण होय.

ग्रँड सेंट्रल या विख्यात रेल्वेस्थानकाच्या पाठीशीं ही ५९ मजली इमारत १९६३ सालीं खुली झाली. वॉल्टर ग्रोपियस व पिएत्रो बेलुस्की या नामांकित स्थापत्यविशारदांचा तिच्या रचनेंत हात होता. पॅन ॲम ही त्या वेळची अमेरिकेंतील अग्रगण्य विमानकंपनी. शहरांतून केनेडी विमानतळास मोटारीनें जाणाऱ्याचा बराच वेळ रस्त्यावरील गर्दींत जाई; हेलिकॉप्टर तेंच अंतर सुमारें दहा मिनिटांत तोडी. तेव्हां डिसेंबर १९६५ मध्यें 'न्यूयॉर्क एअरवेज' या कंपनीनें या गच्चीवरून उतारूंची ने-आण सुरू केली. समुद्रपार जाणाऱ्या गृहस्थानें कचेरींतून उठावें, लिफ्टनें माथ्यावर जावें आणि रस्त्याचें तोंडहि न पाहतां विमान गांठावें, ही कल्पना मोहक होती यांत संशय नाहीं.

परंतु मोहक कल्पनेचा जमाखर्च निराळा असतो. हेलिकॉप्टर-कंपन्यांस मिळणारें सरकारी अनुदान १९६५ सालींच बंद झालें होतें. आवाज आणि धोका यांबद्दल नागरिकांची तक्रार होतीच. अखेर १९६८ च्या आरंभीं तळ बंद पडला. नऊ वर्षांनीं, फेब्रुवारी १९७७ मध्यें, तो पुन्हां उघडला; परंतु हें दुसरें आयुष्य तीन महिन्यांचेंच ठरलें.

१६ मे १९७७ रोजीं सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास सिकॉर्स्की जातीचें एक हेलिकॉप्टर गच्चीवर उभें होतें. पंखा फिरतच होता व उतारू चढत होते. इतक्यांत उजव्या चाकाचा आधार मोडला आणि तें यंत्र कुशीवर कलंडलें. पंख्याच्या पात्यांनीं बाहेर असलेल्या चौघांचा बळी घेतला. पात्याचा एक तुकडा गच्चीवरून उडून खालीं मॅडिसन अव्हेन्यूपर्यंत गेला आणि तेथें वाटेनें चाललेली एक स्त्री प्राणास मुकली. वारंवार पडणाऱ्या ताणानें धातु थकून तो आधार मोडला, असें चौकशींत निष्पन्न झालें.

अपघात कोठें होत नाहींत, आणि मोटारी काय कमी माणसें मारतात, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु येथें मृतांच्या संख्येपेक्षां न्यायाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गच्चीवरील चौघे आपल्या सोयीसाठीं, आपल्या पायांनीं तेथें चढले होते. रस्त्यावरील त्या स्त्रीला या सोयीचा लवलेशहि लाभ नव्हता, आणि तिची संमति कोणीं विचारली नव्हती. थोड्यांचीं कांहीं मिनिटें वांचावींत म्हणून पुष्कळांच्या डोक्यावर धोका टांगून ठेवणें, हा व्यवहार भाड्याच्या व अनुदानाच्या हिशेबांत कोठेंच मांडला जात नाहीं. अपघात झाला तेव्हांच तो हिशेब लोकांस दिसला.

त्यानंतर त्या गच्चीवरून उतारूंची वाहतूक पुन्हां सुरू झाली नाहीं. न्यूयॉर्क एअरवेज १९७९ सालीं बुडाली. पॅन ॲमनें १९८१ सालीं इमारत विकली आणि डिसेंबर १९९१ मध्यें ती कंपनीहि संपली. इमारतीवर आतां मेटलाइफ या विमाकंपनीचें नांव आहे. नांवें बदललीं, तरी या इतिहासाचा बोध बदलत नाहीं. खाजगी इमारतीच्या गच्चीस धनी असतो, पण तिच्याखालचा रस्ता सर्वांचा असतो; म्हणून गच्चीवर काय उतरावें, हें ठरवितांना रस्त्यावरून चालणाऱ्याचें मत आधीं घेतलें पाहिजे.