जस्ताच्या घटांतील पडदा

मुंबईहून कल्याणला जातांना डोंबिवलीनंतर ठाकुर्ली लागतें. जी. आय. पी. रेल्वेनें विजेच्या गाड्यांसाठीं उभारलेलें चोळा विद्युत्केंद्र येथें इ. स. १९२९ मध्यें सुरू झालें. पुढें तें बंद झालें. कोळसा जाळून निर्माण केलेली वीज तारांवाटे गाडीपर्यंत जाई आणि त्याच क्षणीं खर्च होई. शिल्लक टाकण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास आयर्लंडांत मात्र वीज गाडीबरोबरच नेण्याचा प्रयत्न झाला. जेम्स ड्रम यांच्या निकल-जस्ताच्या घटांवर इ. स. १९३२ पासून १९४९ पर्यंत डब्लिन व ब्रे यांच्या दरम्यान गाड्या धांवल्या.

जस्त स्वस्त आणि विपुल; राजस्थानांतील जावर येथें तर तें शतकांपूर्वींच गाळलें जात असे. मग पुन्हां पुन्हां भरतां येणारे त्याचे घट घरोघर कां झाले नाहींत? उत्तर दोन पट्ट्यांमधील पडद्यांत आहे.

इ. स. १८३६ मध्यें लंडनच्या जॉन डॅनियल यांनीं जस्ताच्या व तांब्याच्या बाजूंमध्यें प्रथम बैलाच्या अन्ननलिकेचा पापुद्रा ठेवला; पुढें त्याची जागा बिनझिलईच्या मातीच्या भांड्यानें घेतली. मोरचुदाचें द्रावण जस्ताला भिडूं नये, पण विद्युत्भारित कण पार व्हावे, एवढेंच त्याचें काम. हेच घट तारायंत्रांना वीज पुरवूं लागले.

परंतु संपलेला घट पुन्हां भरावयाचा, तर नवें संकट उभें राहतें. दाहक क्षारांत विरघळलेलें जस्त परत येतांना मूळच्या जागीं सपाट बसत नाहीं. त्याला सुयांसारखे अंकुर फुटतात. ते समोरच्या पट्टीला टेकले, कीं वीज आंतल्या आंत वाहून जाते व घट निकामी होतो.

इ. स. १९४१ मध्यें फ्रान्सच्या आंरी आंद्रे यांनीं चांदी-जस्ताच्या घटांत सेलोफेनचा पडदा वापरला. वेष्टनाचा हा पारदर्शक कागद क्षारांत फुगतो. त्याच्या अतिसूक्ष्म रंध्रांतून विद्युत्कण जातात, पण विरघळलेली चांदी आणि जस्ताच्या सुया बराच काळ अडून राहतात. इ. स. १९५७ मध्यें स्पुटनिकचा आवाज पृथ्वीवर आला, तो याच जातीच्या घटांच्या जोरावर. तथापि सेलोफेनही हळूहळू झिजतें.

आजच्या प्रयोगशाळांत कांचतंतूंचे व कृत्रिम पदार्थांचे पडदे पारखले जात आहेत. रंध्रें मोठीं ठेवावीं, तर सुया शिरतात. लहान करावीं, तर विद्युत्कणांची वाट अडते. पाण्यांतील द्रावणाचा घट पेट घेत नाहीं, म्हणून दिवसाचें ऊन रात्रीच्या दिव्यासाठीं राखण्यास तो सोयीचा. तो किती वर्षें टिकेल, हें जस्तापेक्षां त्या पडद्यावरच अधिक अवलंबून राहील.