साहेबाकडे कागद मागणारा देश

२५ जानेवारी १८७४ रोजी पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत एका मुलाचा जन्म झाला. वकिलात म्हणजे काही सूतिकागृह नव्हे. पण फ्रान्समध्ये जन्मलेल्या परदेशी मुलांना फ्रेंच ठरवून पुढे सक्तीच्या लष्करभरतीत ओढायचं, अशा कायद्याची तेव्हा चर्चा होती आणि पॅरिसमधल्या इंग्रज कुटुंबांनी तिची धास्ती घेतली होती. वकिलातीने यावर नामी तोड काढली. इमारतीतच बाळंतिणींची सोय केली, म्हणजे मूल कागदोपत्री ब्रिटिश भूमीवर जन्मलेलं ठरणार. या मुलाचे वडील वकिलातीचं कायद्याचं काम पाहणारे वकील होते, त्यामुळे ही पळवाट त्यांना ठाऊक असणारच. मूल म्हणजे पुढचा कथाकार सॉमरसेट मॉम. गंमत अशी की फ्रेंच होऊ नये म्हणून ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्या माणसाने उतारवयातली बहुतेक वर्षं फ्रान्सच्याच दक्षिण किनाऱ्यावर काढली आणि १९६५ मध्ये देह ठेवला तोही तिथेच.

इंग्रजांना फ्रान्स हवा होता तो त्याच्या उन्हासाठी, वाइनसाठी, स्वस्ताईसाठी. कधी सावकारांपासून लांब राहता यावं म्हणूनही. फ्रान्सला मात्र प्रत्येक वेळी आधी कागद हवा होता. ज्या साहेबाने अर्ध्या जगाला दाखले आणि दस्तऐवज मागितले, त्यालाच खिडकीच्या अलीकडे उभं करणारा देश त्याच्या घरापासून समुद्रमार्गे जेमतेम वीस मैलांवर होता. ब्रेक्झिटनंतर फ्रान्समधल्या इंग्रजांचे हाल छापून आले तेव्हा आभाळ कोसळल्यासारखा सूर लागला होता. इतिहास पाहिला तर नवल हालांचं वाटत नाही. मधली काही दशकं ते झाले नाहीत, याचं वाटतं.

अठराव्या शतकातल्या प्रवाशाला पहिली भीती होती ती मरण्याची. म्हणजे नुसत्या मरणाची नव्हे, फ्रान्समध्ये मरण्याची. 'द्र्वा दोबेन' नावाच्या जुन्या हक्काने परदेशी माणूस फ्रान्सच्या भूमीवर वारला तर त्याची मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा होई. लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ च्या 'अ सेंटिमेंटल जर्नी'ची सुरुवातच या काळजीने होते. कॅलेला उतरलेला नायक हिशोब करतो की आज रात्री अपचनाने आपण गेलो, तर आपले सदरे, पेटी आणि जवळ बाळगलेलं एलायझाचं छोटं चित्रसुद्धा फ्रान्सच्या राजाचं होईल. ही एलायझा आपल्या ओळखीतली निघते. ती मुंबईतल्या कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याची बायको एलायझा ड्रेपर. १७७३ मध्ये ती माझगावच्या बेल्व्हेडिअर बंगल्यातून नवऱ्याला सोडून पळाली आणि मुंबईत कित्येक दिवस तोच विषय झाला. स्टर्नचा नायक पुढे पॅरिसला पोचतो आणि त्याच्याकडे पासपोर्टच नसल्याचं उघड होतं. दोन्ही देशांत युद्ध चालू असताना हे महाशय बिनपासपोर्टचे आले होते. पोलीस हॉटेलात चौकशी करून जातात आणि नायकाला व्हर्सायला हेलपाटा घालावा लागतो.

स्टर्नने यावर विनोद केला. टोबायस स्मॉलेटला ते जमणारं नव्हतं. १७६३ मध्ये हा कादंबरीकार बुलोन्यला उतरला तेव्हा जकातवाल्यांनी त्याची पुस्तकं अडवली आणि तपासणीसाठी आमियाँला धाडली, तीही त्याच्याच खर्चाने. १७६६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने खानावळवाले, गाडीवाले आणि अधिकारी यांचा असा उद्धार केला की स्टर्नने आपल्या पुस्तकात त्याच्यावरून एक कुरकुऱ्या प्रवासीच बेतला. तरीही स्मॉलेटच्या पुस्तकाने नीसच्या हवेची ख्याती इंग्लंडभर पसरवली. शिव्याही दिल्या आणि जाहिरातही केली; फ्रान्सवर लिहिणाऱ्या इंग्रजांची ही तऱ्हा तेव्हापासूनची आहे.

द्र्वा दोबेन क्रांतीने रद्द केला, नेपोलियनच्या संहितेने तो अंशतः परत आणला आणि १८१९ च्या कायद्याने तो कायमचा गेला. त्याआधी मात्र इंग्रजांवर याहून मोठं संकट कोसळून गेलं होतं. १८०२ च्या आमियाँच्या तहानंतर इंग्रजांची फ्रान्स पाहायला रीघ लागली. तह चौदा महिने टिकला. मे १८०३ मध्ये युद्धाला पुन्हा तोंड फुटलं, इंग्रजांनी फ्रेंच जहाजं पकडली आणि नेपोलियनने उत्तरादाखल फ्रान्समधल्या १८ ते ६० वयाच्या सगळ्या ब्रिटिश पुरुषांना अटक करण्याचा हुकूम सोडला. यात सैनिक नव्हते; सहलीला आलेले, शिकायला आलेले, तब्येतीसाठी आलेले लोक होते. अथेन्सच्या पार्थेनॉनची शिल्पं उचलून नेणारा लॉर्ड एल्गिन परतीच्या वाटेवर होता, तोही सापडला आणि १८०६ पर्यंत अडकला.

पुष्कळांना व्हर्दूनला ठेवलं. पैसेवाल्यांनी तिथे भाड्याने घरं घेतली, क्लब काढले, घोड्यांच्या शर्यती लावल्या. पण ठरल्या वेळी हजेरीपटावर सही करायची आणि गावाबाहेर जायचं तर परवाना काढायचा. तिथला सेनाधिकारी जनरल व्हिरियाँ या सह्या-परवान्यांवर पैसा खायचा. पुढे चौकशी लागली आणि १८१० मध्ये त्याने आत्महत्या केली. काही इंग्रज सुटले ते थेट १८१४ साली. तहाच्या वर्षी सहलीला निघालेल्या माणसाने परतायला बारा वर्षं लावली!

नेपोलियन गेला आणि इंग्रज पुन्हा आले. या खेपेला पुढे होते कर्जबाजारी. लंडनमध्ये देणं थकलं की कॅले गाठायचं, कारण तिथवर इंग्रज सावकाराचं वॉरंट पोचत नसे. पुरुषांच्या पोशाखाला वळण लावणारा बो ब्रमेल १८१६ मध्ये असाच पळाला. १८३० मध्ये त्याला काँ शहरात ब्रिटिश वाणिज्यदूताची नोकरी मिळाली. या जागेवर काही कामच नाही, असं त्याने स्वतःच सरकारला कळवलं. याहून बरी जागा मिळेल ही आशा. पामर्स्टनने त्याचं म्हणणं मान्य करून जागाच रद्द केली. फ्रेंच सावकारांना अर्थातच फ्रेंच वॉरंट काढता येत होतं. १८३५ मध्ये ब्रमेल काँच्या तुरुंगात गेला आणि १८४० मध्ये त्याच शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात वारला.

लॉर्ड ब्रूमची गोष्ट जास्त बोलकी आहे. इंग्लंडचा हा माजी लॉर्ड चान्सलर १८३४ मध्ये नीसकडे निघाला होता. नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होतं. प्रोव्हाँसमध्ये पटकीची साथ होती म्हणून व्हार नदीवरच्या सरहद्दीवर त्याला परत फिरवलं. तो मागे वळून कान नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबला, गाव आवडलं आणि त्याने तिथे बंगला बांधला. त्याच्यामागून इंग्लंडचे श्रीमंत येऊ लागले. आज चित्रपट महोत्सवासाठी जग ज्या कानला जातं, त्याचं नशीब एका क्वारंटाइनने उघडलं.

पण बंगला बांधला म्हणून कोणी फ्रेंच होत नाही. १८४८ च्या क्रांतीनंतर ब्रूमला फ्रेंच राष्ट्रसभेची निवडणूक लढवायची हुक्की आली आणि त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. न्यायमंत्री क्रेम्यूने कळवलं की फ्रेंच नागरिक झालात तर इंग्लंडची उमरावकी आणि पदव्या सोडाव्या लागतील. ब्रूमला दोन्ही हवं होतं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली आणि त्याने अर्ज मागे घेतला.

या सगळ्याच्या मुळाशी दोन देशांच्या दफ्तरांमधला फरक आहे, आणि तो आजही घरोघरी नडतो. क्रांतीच्या सरकारने सप्टेंबर १७९२ मध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून मेरीकडे, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडे दिल्या. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. फ्रेंच जन्मनोंद माणसाबरोबर वाढत जाते: लग्न, घटस्फोट, मृत्यू सगळं तिच्या समासात टिपलं जातं. म्हणून फ्रेंच कारकून तीन महिन्यांच्या आतला जन्मदाखला मागतो. जुन्यात मधल्या घडामोडी नसतात. इंग्रजी जन्मदाखला एकदा लिहिला की लिहिला. सत्तरीच्या इंग्रज बाईला 'ताजा' जन्मदाखला आणायला सांगितलं की तिला ही थट्टा वाटते. कारकुनाच्या दृष्टीने तो नियम असतो. बरं, दाखला आणला तरी तो सरकारमान्य अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये करून घ्यावा लागतो, ते वेगळंच.

नावाचंही तसंच. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरं नाव लावायला बंदी केली. त्यामुळे फ्रेंच सरकारी दफ्तरात बाईचं माहेरचं नावच मुख्य राहतं. चाळीस वर्षं सासरच्या नावाने वावरलेल्या इंग्रज बाईला आरोग्यविम्याचं पत्र माहेरच्या नावाने येतं, बँकेतलं नाव वेगळं असतं आणि पासपोर्टवर फक्त नवऱ्याचं आडनाव. या तिन्ही नावांची बाई एकच आहे, हे सिद्ध करण्यात महिने जातात.

सर्वांत मोठा धक्का मात्र वारशाचा. इंग्रज माणूस मृत्युपत्रात सगळं बायकोला देऊ शकतो, नाहीतर मांजरांच्या आश्रमालाही. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने मुलांचा वाटा राखून ठेवला: एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. फ्रान्समध्ये घर घेतलेल्या कित्येक इंग्रज जोडप्यांना हे नोतेरच्या, म्हणजे दस्त करणाऱ्या कायदे अधिकाऱ्याच्या टेबलावरच कळलं. दुसरं लग्न आणि पहिल्या लग्नाची मुलं असली की गुंता आणखी वाढतो. गोव्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने तिथे आजही मुलं असताना निम्म्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. २०१५ पासून युरोपीय नियमाने परदेश्यांना आपल्या देशाचा वारसा कायदा निवडायची मुभा मिळाली आणि इंग्रजांनी सुस्कारा सोडला. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या फ्रेंच कायद्याने वंचित मुलांना फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागण्याचा हक्क देऊन तो सुस्कारा अर्ध्यावर अडवला.

परदेश्यांवरची नजर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कडक झाली. १८८८ च्या हुकुमाने फ्रान्समध्ये राहणाऱ्या प्रत्येक परदेश्याला मेरीत नोंद करणं भाग पडलं आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, परदेश्यांसाठी ओळखपत्र आलं. हीच दफ्तरं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती पडली. १९४० मध्ये ब्रिटिश पुरुषांना उचललं. बरेचसे साँ-दनीच्या बराकीत गेले. ल तुकेला राहणारा विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसही त्या वर्षी पकडला गेला. डिसेंबरमध्ये बायकांची पाळी आली. त्यांना आधी बझाँसाँच्या गारठलेल्या बराकीत कोंडलं आणि पुढच्या वर्षी व्हितेलच्या हॉटेलांत हलवलं. त्यांत जोगिणी होत्या, दाया होत्या, आणि फ्रेंच माणसाशी लग्न न करता आयुष्य फ्रान्समध्ये घालवलेल्या म्हाताऱ्या होत्या. हातात ब्रिटिश पासपोर्ट, एवढाच त्यांचा गुन्हा.

मग आली सुखाची दशकं. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं, १९९० मध्ये पेन्शनरांनाही कुठल्याही सदस्य देशात राहण्याचा हक्क मिळाला. १९८९ चं पीटर मेल यांचं 'अ इयर इन प्रोव्हाँस' तुफान खपलं आणि पडक्या दगडी घरांना इंग्रज गिऱ्हाईक मिळालं. स्वस्त विमानं लिमोजला, बेर्जराकला उतरू लागली. दोर्दोन्यमधल्या एमे गावात क्रिकेटही रुजलं. २००३ मध्ये फ्रान्सने युरोपीय नागरिकांसाठी कार्त द सेजूर, म्हणजे रहिवास परवाना, सक्तीचा ठेवणं बंद केलं आणि बहुतेकांनी तो काढणंच सोडलं. इंग्रजांना वाटलं, आपल्याकडे १९५२ पासून ओळखपत्र नाही, इथेही नाही, बरंच झालं!

एक झटका २००७ मध्ये बसला होता. साठीआधी निवृत्त झालेल्या, नोकरीधंदा नसलेल्या युरोपीय रहिवाशांना सरकारी आरोग्यविम्यातून काढायचं ठरलं. ओरड झाल्यावर आधीपासून विम्यात असलेल्यांना राहू दिलं, नव्यांना पाच वर्षं थांबायला सांगितलं. त्यातून शहाणं व्हायला हवं होतं. फारसं कोणी झालं नाही.

ब्रेक्झिटने बिनकागदाच्या आरामाची किंमत वसूल केली. त्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे दीड लाख ब्रिटिश होते. ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून इथे राहतो, हे प्रत्येकाला सिद्ध करायचं होतं. वीस-वीस वर्षं राहिलेल्यांकडे परवाना नव्हता, म्हणून विजेची बिलं, कराच्या पावत्या, घराचे दस्त शोधले गेले. सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर, तर बायको तिथे राहते याचा पुरावा काय? फ्रान्सने इथे मन मोठं ठेवलं, हेही नोंदवायला हवं. अर्ज ऑनलाइन आणि मोफत होता, कागद थोडे मागितले, मुदतही वाढवून दिली. पाच वर्षांहून जास्त राहिलेल्यांना दहा वर्षांचं कार्ड मिळालं. वाहन परवान्याच्या अदलाबदलीचे अर्ज मात्र रखडले. गाडीशिवाय पाव आणणंही कठीण अशा खेड्यांतल्या म्हाताऱ्यांची त्यात फार ओढाताण झाली. जून २०२१ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला तेव्हा तो प्रश्न सुटला. राजकीय हक्क परत मिळाले नाहीत. फ्रेंच गावांच्या नगरपालिकांत साडेसातशेच्या वर ब्रिटिश सदस्य होते. मार्च २०२० च्या निवडणुकीत त्यांच्यापैकी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलं नव्हतं, त्यांना उभंही राहता आलं नाही.

आता प्रश्न उरला आहे तो फक्त सुट्टीपुरतं घर असलेल्यांचा. १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहायचं तर व्हिसा हवा. अशा ब्रिटिश घरमालकांना आपोआप दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यावा, अशी तरतूद फ्रेंच सिनेटने स्थलांतर कायद्यात घातली होती. २५ जानेवारी २०२४ रोजी घटनापरिषदेने ती काढून टाकली. एकूण काय, फ्रान्समध्ये निवृत्तीचं आयुष्य काढू पाहणारा मँचेस्टरचा पेन्शनर आणि लियाँला शिकायला निघालेली पुण्याची विद्यार्थिनी आज एकाच सरकारी संकेतस्थळावर व्हिसाचा अर्ज भरतात, आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याची नोंद दोघांनाही करावी लागते.