हातांतल्या रेडिओचा जन्मशक

कोणतीहि जुनी वस्तु हातीं आली, कीं ही केव्हांची, हा प्रश्न माणसाच्या तोंडून सहज बाहेर पडतो. ताम्रपटाविषयीं, नाण्याविषयीं किंवा तोफेविषयीं हा प्रश्न कोणी विचारला तर त्यांत नवल वाटत नाहीं. परंतु मुठींत मावणाऱ्या वॉकी-टॉकीविषयीं कोणी तोच प्रश्न गंभीरपणें विचारूं लागला, तर आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. मलाहि एकदां असेंच हंसूं आलें होतें. तें कां मावळलें, हें आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

बारामतीच्या एमआयडीसींत वॉकी-टॉकी दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. कारखान्यांच्या फाटकांवरील पहारेकऱ्यांचीं यंत्रें त्यांच्याकडे येतात. एके दिवशीं त्यांनीं दोन यंत्रें माझ्यापुढें ठेविलीं. दोन्ही इंदापुराकडील एका घरून आलीं होतीं. त्या घरचे वडील हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांस हॅम म्हणतात त्यांपैकीं होते. सरकारी परीक्षा द्यावी, परवाना मिळवावा आणि केवळ हौसेखातर दूरच्या माणसांशीं बिनतारी संभाषण करावें, असा हा छंद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां हॅम मंडळींनीं तेथून निरोप पोहोंचविण्याचें काम केलें, हें सर्वश्रुत आहे. त्या मंडळींत आपले वडीलहि होते, असें मुलें लहानपणापासून ऐकत आलीं होतीं. वडील वारल्यावर मुलांनीं ठरविलें, कीं त्यांचें यंत्र गांवच्या शाळेस द्यावें आणि त्याखालीं 'किल्लारी, १९९३' अशी पाटी लावावी.

मुलगा सुशिक्षित व काळजीपूर्वक काम करणारा. त्यानें पुरावाहि शोधून ठेविला होता. यंत्र याएसु या जपानी कंपनीचें. बॅटरी काढली, कीं पाठीमागें एक पट्टी दिसे आणि तीवरील क्रमांकाच्या आरंभीं ३ हा अंक व त्यापुढें इंग्रजी एच हें अक्षर होतें. या कंपनीच्या क्रमांकांत पहिला अंक हा इसवी सनाचा शेवटचा अंक असतो आणि पुढील अक्षर महिना दाखवितें. सी म्हणजे जानेवारी, डी म्हणजे फेब्रुवारी, असें मोजीत गेलें म्हणजे एच हा जून येतो आणि एन या अक्षरावर डिसेंबर संपतो. त्यापुढील आंकडे खेपेचे व नगाचे. तेव्हां मुलानें वाचलें : जून १९९३. भूकंपाच्या आधीं तीन महिने! घरांतील आठवण आणि यंत्राचा लेख यांचा इतका सुंदर मेळ बसल्यावर शंकेस जागा ती कोठें उरली?

शंकेस जागा होती, आणि ती आपल्याच इतिहाससंशोधकांनीं आपणांस दाखवून ठेविली आहे. आपल्याकडे वर्षास जशी शकाची संख्या असते, तसें संवत्सराचें नांवहि असतें. प्रभव, विभव, शुक्ल अशीं हीं साठ नांवें ; साठ वर्षें संपलीं कीं पुनः पहिल्यापासून आरंभ. शके १५५१ हें शुक्ल संवत्सर होतें. शके १६११ हेंहि शुक्लच. एखाद्या कागदावर नुसतें 'शुक्ल संवत्सर' इतकेंच लिहिलेलें असेल, तर तो शिवरायांच्या जन्माच्या वेळचा, कीं संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या वर्षाचा, हें त्या नांवावरून कळत नाहीं. शकाचा आंकडा, तिथि, वार हीं सारीं एकमेकांशीं ताडून पाहावीं लागतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं रॉबर्ट स्यूएल यांच्यासह इ. स. १८९६ मध्यें भारतीय कालगणनेवरील जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्याचा मोठा उपयोग हाच, कीं लेखांतील तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें कोणासहि गणित करून पाहतां यावें.

याएसुचा तो पहिला अंक म्हणजे दहा वर्षांचें संवत्सरचक्रच होय. ३ या अंकाचा अर्थ १९९३ होईल, २००३ होईल किंवा २०१३ होईल. त्यांतून निवड करण्यास दुसरा साक्षीदार पाहिजे. तो यंत्राच्या दर्शनी भागावरच उभा होता. तेथें एफटी-६० असें नमुन्याचें नांव छापलेलें होतें, आणि हा नमुना बाजारांत आला तो २००४ सालीं. जो नमुनाच २००४ सालचा, त्याचा नग १९९३ सालीं कसा जन्मणार? १९९३ गेलें, २००३ हि गेलें. उरलें तें २०१३.

तरीहि आमच्या दुरुस्तीवाल्यांनीं यंत्र उघडलें. आंतील कांहीं चिपांच्या पाठीवर चार आंकड्यांचा एक संकेत असतो. त्यांतील पहिले दोन वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे. भिंगाखालीं एका चिपेवर १३१२ असें दिसलें, म्हणजे २०१३ सालचा बारावा आठवडा, मार्च महिना. मार्चांत चिप घडली, जूनमध्यें यंत्र जुळलें. साक्ष पुरी झाली.

येथें एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कोणतेंहि यंत्र आपल्या सर्वांत नव्या भागाहून जुनें असूं शकत नाहीं. परंतु याचें उलट मात्र खरें नाहीं. भाग जुने असले म्हणून यंत्र जुनें ठरत नाहीं. १९४२ च्या चळवळींत मुंबईस गुप्तपणें चालविलेल्या काँग्रेस रेडिओचें उदाहरण घ्या. महायुद्ध सुरू होतांच, १९३९ सालीं, सरकारनें हौशी मंडळींचे परवाने बंद केले होते. अशा काळांत सुटे भाग जुळवून प्रक्षेपक उभा करण्यांत आला, आणि २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत जागा पालटीत पालटीत तो बोलत राहिला. त्या कार्याबद्दल उषा मेहता यांनीं येरवड्याचा तुरुंगवास भोगला. आज त्या प्रक्षेपकाची एखादी काचेची नळी कोणाच्या हातीं लागली, तर तीवर युद्धापूर्वीचें वर्ष असण्याचा संभव आहे. म्हणून कोणी काँग्रेस रेडिओ युद्धापूर्वीं सुरू झाला असें म्हणेल काय? भाग आपला जन्म सांगतो. जुळणीचा दिवस त्यास ठाऊक नसतो. दुरुस्तींत बदललेला भाग तर उलट दिशेनें फसवितो. बॅटरीवरील तारीख ही बॅटरीचीच तारीख होय, हें किती जण विसरतात!

आतां दुसऱ्या यंत्राकडे वळूं. तें चिनी बनावटीचें, बाओफेंग कंपनीचें यूव्ही-५आर. २०१२ च्या सुमारास हा नमुना निघाला आणि स्वस्ताईमुळें जगभर पसरला. या यंत्रावरील पट्टी घासून कोरी झाली होती. तथापि त्याच्या पोटांत आणखी एक लेख होता, आणि तो शाईनें किंवा ठशानें लिहिलेला नव्हता.

पूर्वींच्या यंत्रांत असा लेख नसे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांच्या हातीं जो हातांत धरून बोलण्याचा रेडिओ आला, त्यांत पांच नळ्या होत्या. यंत्रानें काय करावें हें तारांच्या जोडणींतच ठरून गेलेलें असे. पुढें यंत्रांत सूक्ष्म संगणक शिरला, आणि त्यास शिकवून ठेवलेली आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, हा यंत्राचा एक अदृश्य अवयव होऊन बसला. कोणत्या कंप्रतेवर ऐकावें, कोणत्या कंप्रतेवर बोलूं द्यावें, स्मरणांत काय कोठें ठेवावें, हें सर्व तो ठरवितो. बाहेरून जुळ्या भावांसारखीं दिसणारीं दोन यंत्रें या अवयवामुळें निराळीं वागतात.

यूव्ही-५आर सुरू करतांना ३ हें बटण दाबून धरलें, म्हणजे पडद्यावर फर्मवेअरचें नांव उमटतें. आमच्या यंत्रावर बीएफबी २९७ असें उमटलें. या आंकड्यांत साल नाहीं, महिना नाहीं. आहे तो केवळ क्रम. २९१ ही त्यांतील एक मोठी सीमारेषा आहे. तिच्या अलीकडील व पलीकडील यंत्रांत स्मरणाची मांडणी सारखी नाहीं, आणि संगणकावरून या यंत्रांत माहिती भरणारी चिर्प नांवाची आज्ञावलीहि हा भेद पाळते. हा भेद न जाणतां एका यंत्राची नक्कल दुसऱ्यांत ओतली, तर चांगलें चालणारें यंत्र बिघडावयाचें. म्हणजे ही चौकशी केवळ संग्राहकाच्या कौतुकाची नव्हे. भूभागाचे थर पाहणारा शास्त्रज्ञ जसा कोणता थर आधीं व कोणता नंतर हें सांगतो, परंतु वर्षासाठीं त्यास दुसरा पुरावा शोधावा लागतो, तसेंच फर्मवेअरचें आहे. आमचें यंत्र त्या सीमारेषेनंतरचें ठरलें. आंतील एका चिपेवर १४२३ हा संकेत मिळाल्यावर तें जून २०१४ च्या आधींचें नव्हे, इतकेंहि ठरलें. याहून अधिक बोलणें म्हणजे पुराव्यावर जुलूम करणें होय.

यांतहि एक विवेक हवा. या चिनी यंत्राचें फर्मवेअर मालकास बदलतां येत नाहीं, म्हणून तें जन्मखुणेसारखें विश्वसनीय. परंतु केनवुडच्या २०१६ सालच्या टीएच-डी७४ सारख्या यंत्रांत नवें फर्मवेअर घरबसल्या घालतां येतें. तेथें पडद्यावरील आंकडा यंत्राचा जन्म सांगत नसून शेवटचा जीर्णोद्धार सांगतो. देवळाच्या दारावरील जीर्णोद्धाराचा शिलालेख वाचून देऊळच त्या सालचें मानणारा मनुष्य आणि असा आंकडा पाहून यंत्राचें वय ठरविणारा मनुष्य, हे दोघे एकाच पंक्तीस बसणारे.

आणि सर्वांत शेवटीं तो स्वागताचा मजकूर. यंत्र सुरू होतांच पडद्यावर दोन ओळी येतात. त्या मालकास हव्या तशा लिहितां येतात. अर्थात् कालनिर्णयास त्यांचा उपयोग शून्य. आमच्या यंत्रावर कंपनीच्या नांवाऐवजीं त्या वडिलांचा स्वतःचा संकेत होता, व्हीयू या अक्षरांनीं सुरू होणारा. मुलानें तो पाहिला आणि तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. ज्या ओळीस आम्हीं पुरावा म्हणून बाजूस सारलें, तीच ओळ त्याच्या दृष्टीनें त्या यंत्रांतील एकमेव खरी ओळ होती.

मग १९९३ ची ती गोष्ट खोटी कीं काय? मुलास तेंच भय वाटलें. मीं त्यास विचारलें, "तुमचे वडील रोजनामा ठेवीत असत काय?" हॅम माणूस कोणाशीं, केव्हां व कोणत्या कंप्रतेवर बोलला, याची नोंद ठेवतो. घरीं शोध केला असतां माळ्यावरील पेटींत वह्या सांपडल्या. १९९३ च्या वहींत ऑक्टोबरच्या आरंभीं कित्येक पानें घाईघाईच्या अक्षरांनीं भरलेलीं होतीं : वेळ, संकेत, आणि समोर 'किल्लारी'. त्या दिवसांत वापरलेलें यंत्र पुढें विकून टाकलें, हें आईस आठवलें. मुलांस तें कोणी सांगितलें नव्हतें. आठवण खरी होती, यंत्रहि खरें होतें. दोहोंस जोडणारी पाटी तेवढी चुकीची होती.

शाळेंत आज ती वही कांचेखालीं आहे. शेजारीं ते दोन रेडिओ आहेत आणि त्यांखालीं एकाचें वर्ष २०१३, तर दुसऱ्याचें '२०१४ किंवा त्यानंतर' असें लिहिलें आहे.

याच भागांत दौंडास १९२७ सालीं विलायतेहून येणारे बिनतारी संदेश झेलणारें केंद्र उभें राहिलें, आणि संदेश पाठविण्याचें केंद्र खडकीस होतें. त्या काळचीं अवजड यंत्रें कोणाच्या खिशांत हरवण्याजोगीं नव्हतीं. आजचीं यंत्रें मात्र मुठींत मावतात, हजारोंनीं निपजतात आणि पट्टी घासली कीं अनाम होतात. म्हणून ज्यांच्याजवळ असें यंत्र असेल त्यांस माझी इतकीच विनंती, कीं बॅटरीचें झांकण एकदां उघडावें. क्रमांक, फर्मवेअरचें नांव आणि यंत्र घेतल्याची तारीख एका कागदावर लिहून तो परवान्यासोबत ठेवावा. पुढील पिढीस यंत्र पाहून जें कळणार नाहीं, तें त्या चार ओळींवरून कळेल.