थ्री नॉट थ्रीची लाथ, आणि ती कुणाच्या वाट्याला आली

"थ्री नॉट थ्री लई लाथ मारायची साहेब." पोलीस खात्यातून रिटायर झालेल्या कुठल्याही जुन्या माणसासमोर रायफलचा विषय काढा, पहिलं वाक्य बहुतेक हेच येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा-वीस वर्षं पोलीस बीट सांभाळताना मी ते इतक्यांदा ऐकलंय, की या लाथेचाच इतिहास लिहावा असं वाटलं. विषय तांत्रिक दिसतो, पण तसा तो नाही. थोडं लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी साधं गणित. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम. गोळी जितकी जड आणि वेगवान, दारू जितकी जास्त, तितका धक्का मोठा. बंदूक जड असेल तर तो कमी. .३०३ ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास, रायफल चार किलोची. एसएलआरच्या ७.६२ चा धक्का कागदावर जवळपास तेवढाच भरतो. एके-४७ चा साधारण निम्मा. इन्सासच्या ५.५६ चा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी. आणि एनसीसीत आपल्यापैकी अनेकांनी चालवलेली पॉइंट टू-टू? तिचा धक्का जाणवतच नाही, म्हणून तर नवख्या पोरांच्या हातात ती देतात.

पण कागदावरचा धक्का वेगळा आणि खांद्याला लागणारा वेगळा. .३०३ आणि एसएलआरचे आकडे सारखे असूनही दोन्ही चालवलेला माणूस सांगतो, थ्री नॉट थ्री ठोसा मारते, एसएलआर ढकलते. कारण एसएलआरमध्ये गॅसच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरली जाते, त्या हालचालीत धक्का थोडा लांबतो. .३०३ मध्ये असं काही नाही. वर दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसला नाही तर हाडालाच लागतो.

आता इतिहास. या खांद्याचा विचार कधी झाला का?

१८५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण पाळलं: देशी शिपायाचं हत्यार गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी मागचं ठेवायचं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. तिथं गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, शेजारी लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींकडे जुनी स्नायडर. मार्टिनी-हेन्री लाथेसाठी बदनाम, तिची गोळी ३१ ग्रॅमची आणि धक्का .३०३ च्या सुमारे दुप्पट. पुढे गोऱ्यांना लहान गोळीची नवी ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा ही मार्टिनी देशी शिपायांकडे आली. म्हणजे खांदा फोडणारी बंदूक त्यांनी वापरून झाल्यावर आपल्याला.

पोलिसांच्या बाबतीत तर अजून मजा. इशापूरच्या कारखान्यात .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून .४१० ची एकबारी मस्केट बनवली जायची. लाथ कमी, पण मारही कमी आणि नेमही कच्चा. पोलिसाचा खांदा वाचावा म्हणून ती केलेली नव्हती. ती कुणी पळवली तर सरकारला धोका नको, हा हिशोब होता.

स्वातंत्र्यानंतर हिशोब बदलला, उतरंड तीच राहिली. १९६२ ला चीनच्या अर्धस्वयंचलित हत्यारांसमोर आपले जवान .३०३ चा खटका मागेपुढे ओढत लढले. त्यानंतर सैन्याला एसएलआर आली. मग .३०३ कुठं गेली? पोलीस आणि होमगार्डकडे. नव्वदच्या दशकात सैन्याकडे इन्सास येऊ लागली, तशी एसएलआरही हळूहळू खाली सरकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला समारंभानं निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला. सैन्यानं ती सोडायला घेतल्याला तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

मधे २६/११ येऊन गेलं. सीएसटीवर दोन एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे लाठ्या होत्या आणि होत्या त्या थ्री नॉट थ्री. नंतर हत्यारांवर भरपूर बोललं गेलं. पण राम प्रधान समितीच्या अहवालानं गोळ्यांचा तुटवडा आणि गोळीबाराच्या सरावाचा अभाव यावरही बोट ठेवलं होतं. ते आपण विसरलो.

माझा मुद्दा इथंच आहे. लाथेमुळे खांदा दुखतो हे खरं, पण मोठं नुकसान डोक्यात होतं. माणूस धक्क्याची धास्ती घेतो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, चाप हिसकतो आणि नळी हलते. चांदमारीवरचे उस्ताद ही खोड पकडायला गुपचूप एखादं नकली काडतूस भरतात. बार उडत नाही, तरी नळी खाली डुचकते, आणि सगळ्यांना कळतं की चूक बंदुकीची नव्हती. या धास्तीवर औषध एकच: नियमित सराव. हलकी रायफल दिली तर धास्ती कमी होते, पण वर्षात मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्याची ती पूर्ण जात नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? जमावावर गोळीबाराची वेळ आलीच तर कमरेखाली नेम धरा, असं पोलिसाला शिकवलेलं असतं. डोळे मिटून चाप हिसकणाऱ्या हातानं ते पाळता येईल का? ती गोळी कुणालाही लागेल, दंगलखोराला, गॅलरीत उभ्या बाईला किंवा शाळेतून परतणाऱ्या पोराला.

नवीन रायफली आल्या की फोटो निघतात, पालकमंत्री हातात धरून बघतात, आम्ही बातमी छापतो. सरावाच्या काडतुसांची बातमी होत नाही, कारण त्यांचा फोटो निघत नाही. पुढच्या वेळी असा कार्यक्रम झाला तर एवढंच विचारा: तुमच्या ठाण्यातल्या शिपायानं गेल्या वर्षात चांदमारीवर किती गोळ्या झाडल्या?

जुने पोलीस, होमगार्ड, माजी सैनिक हे वाचत असतील तर खाली जरूर लिहा. कुठली बंदूक किती लागायची, आणि वर्षाला किती गोळ्या मिळायच्या. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे.