कार्बोलिकचा वास आणि प्लेगची पिसू



दुर्गंधी म्हणजेच रोग, हे समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील मोठमोठे डॉक्टरही मानीत असत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी नासली, तेव्हा पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले. पुढे कोळशाच्या डांबरापासून काढलेले कार्बोलिक अ‍ॅसिड मैल्यावर पडू लागले. कार्लाइल शहरातील तो प्रयोग ऐकून लिस्टरने ते जखमांवर वापरले, आणि १८६७ साली शस्त्रक्रियेचे युगच पालटले.

हेच शस्त्र घेऊन मुंबई प्लेगशी लढली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागात हा रोग ओळखला. मग समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक गटारांत सोडण्यात आले, घरांना चुना फासण्यात आला, भिंती पाऱ्याच्या क्षाराने धुण्यात आल्या. तरी साथ हटेना. लाखो लोकांनी मुंबई सोडली. कित्येकांनी आपल्या पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या लोहमार्गाने गुजरात गाठले.

असे का व्हावे? प्लेगचा जंतू यर्सिनने १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये शोधला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे उमगले नव्हते. १८९८ साली सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले. पुढे १९०५ पासून मुंबईतच प्लेग आयोगाने प्रयोग करून ते सिद्ध केले. तात्पर्य, औषध खोटे नव्हते. पण ते गटारात ओतले जात होते आणि वैरी धान्याच्या पोत्यांत दडला होता.

याहूनही मोठे नुकसान विश्वासाचे झाले. १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन पुण्यात सोजीर देवघरापर्यंत शिरले. लोक रोगापेक्षा तपासणीला भिऊ लागले, रोगी लपवू लागले. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. १० मार्च रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. लोकांच्या दारात दोन्ही गेले. एकाला कायद्याचे बळ होते, दुसरीला मायेचे.

२०२० साली करोनाच्या साथीत बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. शतक उलटले, पण आपण अजूनही माणसालाच गटार समजतो की काय? जंतुनाशक जरूर वापरावे. मात्र रोगाची वाट ओळखून, आणि माणसाला माणूस मानून.